चालेल म्हणणारा माणूस

जिन्यात बारक्याने माझी बॅग उचलली, खाली ठेवली, स्वतःची पँट वर ओढली आणि मग दोन्ही हातांनी उचलली. झालं ते एवढंच, पण मी कठड्याला धरून थांबलो. चार दिवसांच्या सहलीला माणूस नेतो काय? शर्ट, विजार, दाढीचं सामान. त्याला एवढं वजन कुठून आलं? वर दारात बायको उभी होती, चौकटीला खांदा टेकून, आणि ती बॅगेकडे बघत नव्हती. आपण भरलेल्या बॅगेकडे माणूस निघताना एकदा तरी बघतोच, गोळ्या राहिल्या का, चष्मा राहिला का. माझं सगळं आयुष्य लोकांच्या घरातलं सामान लिलावात काढण्यात गेलं. कुठली वस्तू तात्पुरती हलवतायत आणि कुठली कायमची, हे मला उचलणाऱ्याच्या पाठीवरून कळतं. आणि जी कायमची द्यायची ठरलेली असते तिच्याकडे घरातलं माणूस बघत नाही. "अहो, जपून जा हं," ती म्हणाली. "मजा करा." मला विचारायचं होतं की कोट कशाला भरलास. ऐन उन्हाळ्यात सकाळी माझ्या जाड कोटाच्या जागी नुसती खुंटी होती. मी तोंड उघडलं. "चालेल," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द उरलाय माझ्याकडे. डोक्यातली एक शीर तुंबली, उजवा हात गेला, उजवा पाय फरफटायला लागला आणि जिभेवरचं सगळं दुकान कुणीतरी एका फटक्यात रिकामं केलं. जाताना हा एक शब्द विसरून गेले. पाणी हवं असलं तरी चालेल, पाणी नको असलं तरी चालेल, उशी टोचत असली तरी चालेल. मान हलवावी तर आडवीच्या जागी उभी हलते. डाव्या हाताने लिहावं तर कोंबडीने माती उकरल्यासारखं काहीतरी उमटतं आणि बायको ते हातात घेऊन कौतुकाने म्हणते, वा, सुधारतंय की. आत मात्र सगळं जिथल्या तिथे आहे. आत मी तुम्हा सगळ्यांना पुरून उरेन. हे मी कुणाला सांगणार आणि कशाने? मेंदूच्या डॉक्टरने माझ्या समोर बसून बायकोला सांगितलं, "त्यांना ऐकू येतं, पण आत पोचतं किती ते सांगता येत नाही." मी त्याच्या टेबलाकडे बघत होतो. चांगलं सागवानी टेबल होतं, एक पाय मागाहून बसवलेला. हे त्याला माहीत नसणार.

झटका आला तो भर लिलावात. एका म्हातारीचं घर रिकामं करायचं होतं, कपाट चाललं होतं, नक्षीच्या दारांचं. हातोडा वर होता, शेवटची बोली पुकारायला मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. हातोडा वरच राहिला. लोकांना वाटलं, हा मुद्दाम थांबलाय. मागच्या रांगेतल्या एकाने बोली वाढवली. मग दुसऱ्याने. मी घामाने निथळत उभा, तोंड उघडं, आणि बोली चढत चढत कुठच्या कुठे गेली. त्या भिकार कपाटाला जेवढी बोली लागली तेवढी माझ्या बोलण्याने कधी कशालाच लागली नव्हती. मी कोसळलो तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. हे आठवलं की मला अजून हसू येतं, आणि हसू आलं की ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ येते, आणि लाळ आली की बारक्या येतो.

बारक्या म्हणजे एके काळी फुंकर मारली तर उडेल असा पोरगा. आता औषधांचं दुकान आणि त्याच्या काउंटरला टेकेल असं पोट आहे. दुसरा दातवाला. लोकांचे दात उपटतो आणि स्वतः कधी तोंड भरून हसत नाही. तिसरा मी, भोंगा. शाळेपासून आम्ही तिघं, आणि तिघांत एकच रीत: सरळ बोलायचं नाही. दातवाल्याचा बाप वारला तेव्हा बारक्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, "कवळी काढून घेतलीस ना?" आणि दातवाला हमसून रडता रडता हसला होता. आमच्यात तेच सांत्वन. ज्याची खेचत नाहीत तो परका. आणि खेचण्यात माझा हात कोण धरणार? बारक्याच्या लग्नाच्या जेवणात मी टेबलावर चढून नवरदेवाचा लिलाव पुकारला होता. माल जुना नाही पण वाढ खुंटलेली आहे, घरात कुठेही ठेवा, जागा अडवत नाही, बोला, कोण घेतंय? बोली कुणीच लावली नाही, नवरीनेसुद्धा नाही, ती हसून हसून खुर्चीतून घसरली होती. बारक्याही हसला. काय रंगला होता तो लिलाव! आणि आता हाच बारक्या खिशातून घडी घातलेला मऊ टॉवेल काढतो आणि माझी हनुवटी पुसतो, तान्ह्या बाळाची पुसावी तशी, आणि म्हणतो, "असू दे, असू दे." सूड असाही घेतात हे मला माहीत नव्हतं. शीर तुंबल्यापासून दोघांनी माझी एकदाही खेचलेली नाही.

दातवाल्याने कॅम्पर भाड्याने आणली होती, आत झोपायची सोय, शेगडी, बेसिन, आणि कपाटाएवढा संडास. मला मागच्या बाकावर खिडकीशी बसवलं, कमरेला पट्टा बांधला, आणि बारक्याने तो ओढून बघितला, सामान नीट बांधलंय का बघतात तसा. गाडी हलली की भांड्यांचा खण उघडायचा आणि बंद व्हायचा. शहर सुटलं, गोदामं सुटली, पेट्रोलपंप विरळ झाले. दोघं पुढे बसून बोलत होते आणि मधूनमधून बारक्या मान वळवून मला मोठ्याने, अक्षर सोडवून सांगत होता, "ती बघ. गाय." गाय मला माहीत आहे रे, बैला. "चालेल," मी म्हणालो. तो खूश झाला. मग फोन वाजला, दातवाल्याने गाडी चालवता चालवता कानाला लावला. "हो, दुपारपर्यंत पोचतो. आधी खोली बघू. नाही, त्याला अजून सांगितलेलं नाही, तिथे गेल्यावर सांगू." आरशात त्याचे डोळे माझ्याकडे आले आणि परत रस्त्यावर गेले. बारक्या हळू आवाजात म्हणाला, "ऐकतोय तो." "ऐकू दे की," दातवाला म्हणाला, "पोचतंय कुठे." आणि थोडं थांबून, "वहिनींची अट आहे लक्षात? त्याला नको असेल तर परत आणायचं. तोंडाने नाही तर हाताने, पायाने, कसंतरी सांगेलच की तो." म्हणजे असं होतं. जागा बघून ठेवली होती, बॅग भरली होती, कोटसुद्धा आत घातला होता. मला सोडून यायचं होतं, आणि मला परत यायचं असेल तर फक्त नको म्हणायचं होतं. दोन अक्षरं. गाडी खड्ड्यातून गेली, खण उघडला, चमचे खाली सांडले, आणि मी जिभेच्या टोकाने दातांमागे 'न'ची जागा शोधायला लागलो.

रागावायचं कुणावर, तेही नीट कळेना. बायकोवर रागवावं तर तिचे मनगटाचे पट्टे डोळ्यांसमोर येतात. मला उचलून उचलून तिची दोन्ही मनगटं गेली आहेत. मी अंगाने काही कमी नाही. आंघोळ घालताना ती पूर्वी बडबडायची, मग गुणगुणायची, आता गप्प असते. सगळ्या घरात एकटा नळ बोलतो. एकदा माझ्या पाठीला साबण लावताना ती म्हणाली होती, "अहो, एकदा तरी ओरडा हो माझ्यावर." मी काय म्हणालो असेन ते तुम्हाला माहीत आहे. ती तशीच उठून गेली आणि मी साबणासकट बसून राहिलो, पाणी गार होईपर्यंत. तिने मला टाकावं हे मला समजतं. मी तिच्या जागी असतो तर कधीच लिलाव पुकारून मोकळा झालो असतो. पण समजणं वेगळं. मला माझ्या घरी मरायचंय, माझ्या संडासाच्या दाराची कडी वाजते तिथे, तिच्या खोकल्याच्या आवाजात. दुसरं काही मागत नाही.

दुपारी आम्ही एका रँचवर, म्हणजे जनावरं पाळतात तशा मोठ्या कुरणावर, पोचलो. फाटक लाकडी होतं, बिजागऱ्या गंजलेल्या, खांब मात्र उत्तम. आत लांबच लांब कुंपणं, आणि कुंपणांत नको झालेली जनावरं. शर्यतीतून काढलेले घोडे, सर्कशीतला उंट, एक शहामृग ज्याच्या पाठीवर पिसंच नव्हती, आणि लामा की काय म्हणतात ते, तोंड वाकडं करून चघळणारं. ते तोंड बघून माझी आणि त्याची लगेच ओळख पटली. रँचची बाई गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून आली, हात धुतलेले पण नखांत माती. "या, काका," ती मला म्हणाली. काका! माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेल. बारक्याने मला उतरवलं, काठी दिली, डाव्या हातात दाण्यांची मूठ दिली आणि कुंपणाशी नेलं. एका घोड्याने येऊन माझ्या तळहातावरून ते दाणे ओठांनी टिपले. ओठ ऊन होते, मिशांचे केस टोचत होते. चांगलं वाटलं. खोटं कशाला बोलू, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला न पुसता हात लावला. "बघ, हसतोय तो," बारक्या म्हणाला, आणि दातवाल्याने पटकन फोटो काढला, वहिनींना पाठवायला. तो फोटो गेला तेव्हा मला कळलं की मी हसायला नको होतं.

बाई एका तांबड्या घोड्याला तबेल्यात नेत होती आणि तो पाय रोवून उभा होता. तिने दोर ओढला नाही, चुचकारलंही नाही. दोर सोडला, त्याच्याकडे पाठ केली आणि चालायला लागली. घोडा थोडा वेळ उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं, आणि मुकाट तिच्या मागून गेला. "ओढलं की अडतात," ती आम्हाला म्हणाली. "एकटं राहायची भीती त्यांना कुठल्याही दोरापेक्षा जास्त असते." दातवाला मान डोलावत होता. मग ती म्हणाली, "चला, खोली दाखवते," आणि मी जागचा हललो नाही. काठी मातीत रुतवली, डावा हात कुंपणावर घट्ट. हे माझं हाताने-पायाने नको म्हणणं होतं. समजायला एवढं अवघड नव्हतं. बारक्या म्हणाला, "दमला वाटतं." दातवाल्याने माझ्याकडे बघितलं, बाईकडे बघितलं, आणि बारक्याच्या दंडाला धरून म्हणाला, "चल, आपण पुढे होऊ." तिघंही पाठ करून चालायला लागले. मी उभा राहिलो. पिसं नसलेला तो शहामृग कुंपणाशी येऊन माझ्या कानाकडे बघत होता. ऊन डोक्यावर होतं. ती तिघं कोपऱ्यावरून वळली, बोलण्याचा आवाज बंद झाला, तशी मी काठी उपटली आणि फरफटत त्यांच्या मागे गेलो. कोपऱ्याच्या पलीकडे ते थांबलेच होते. बारक्याने घाम पुसला, माझाही आणि मग स्वतःचाही.

तबेल्याच्या मागे खोल्यांची रांग होती, प्रत्येक दाराला वेगळा रंग. एका दारात माझ्याच वयाचा माणूस बसून गाढवाची पाठ ब्रशने घासत होता, शर्ट उलटा घातलेला, शिवण बाहेर. त्याने वर बघितलं नाही. गाढवाने बघितलं. आमची खोली, म्हणजे माझी, स्वच्छ होती. पलंगाला दोन्ही बाजूंनी दांडे, भिंतीत आधाराची कडी, खिडकीबाहेर पाण्याची टाकी. फिनेल आणि गवत यांचा मिळून एक वास. सामान सगळं हलकं, पत्र्याचं, ज्याला कधी कुणी बोली लावणार नाही असं. आणि पलंगाच्या पायाशी माझी बॅग. बारक्याने ती कधी आणली कुणास ठाऊक. दातवाल्याने खुर्ची ओढली, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि पेशंटला सांगतात त्या आवाजात सांगायला लागला. इथे तुझ्यासारखे बरेच जण राहतात. जनावरांच्या संगतीत माणसं मोकळी होतात. वहिनींना थोडी विश्रांती मिळेल. आठवडाभर बघ, आम्ही येत जाऊ. "आणि तुला नको असेल तर आत्ता सांग," तो म्हणाला. "आम्ही तुला उचलून परत नेऊ. शप्पथ. काय? राहशील ना?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी त्याच्या बाजूने सांगून ठेवतो. माझं तोंड माझ्या आधी उघडलं. "चालेल."

सुटल्यासारखा श्वास सोडला दोघांनी. दातवाल्याने माझा गुडघा थोपटला, बारक्या बॅगेची चेन उघडून माझे शर्ट फळीवर रचायला लागला, कोट दाराच्या मागे अडकवला. दहा शर्ट असतील. सगळेच होते. मी डोळे मिटले. वाचेच्या उपचारांना यायच्या त्या बाई सांगायच्या, शब्द ओढू नका, मांडीवर डाव्या हाताने ठोका द्या आणि ठोक्यावर सोडा. तेव्हा मला तो पोरखेळ वाटायचा. आता मी मांडीवर ठोका दिला. चा. नाही, चा नको. परत ठोका. जीभ वर, दातांमागे. बारक्या माझे मोजे गोळा करून खणात टाकत होता आणि गुणगुणत होता. तो बेटा सुखात होता. लग्नात त्याला कुणी घेतलं नव्हतं, आज त्याने मला पोचता केला. तो राग माझ्या पोटातून वर आला, छातीतून आला, गळ्यात अडकला, मी ठोका दिला आणि तो बाहेर पडला. "ना," मी म्हणालो. दातवाला दारात होता, तो वळला. मी परत ठोका दिला, सगळ्या अंगाचा जोर लावून, कानशिलं फुटतील असं वाटलं. "नाही."

स्पष्ट आला. माझाच आवाज होता, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. बाहेर ब्रशचा आवाज थांबला. बारक्याच्या हातातला मोजा खाली पडला. मी त्याच्याकडे बोट केलं, बॅगेकडे केलं, दाराकडे केलं. "नाही."

"बोलला," बारक्या म्हणाला, आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं. "अरे, बोलला तो." दातवाल्याने दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि कपाळाला कपाळ लावलं. त्याच्या तोंडाला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. तो हसत होता, तोंड भरून, मी त्याचे सगळे दात पहिल्यांदा बघितले. बाई दारात आली होती, तिने टाळ्या वाजवल्या. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला," ती म्हणाली. "पण पहिल्याच दिवशी मी कुणाला बघितलं नव्हतं. घोड्याने हात चाटला त्याचा परिणाम आहे हा." "नाही," मी म्हणालो, आणि मान हलवली, ती उभी हलली. "बघा, कबूल पण करतात," बाई म्हणाली.

दातवाल्याने फोन लावला, स्पीकरवर, माझ्या तोंडासमोर धरला. एका घंटीत बायकोने उचलला, फोनपाशीच बसली असणार. "वहिनी, ऐका. नुसतं ऐका." मग मला, "बोल." हीच वेळ होती. ती मला ओळखते. माझ्या एका खाकरण्यावरून तिला कळायचं की दिवस कसा गेला. मी मांडीवर ठोका दिला. "नाही," मी म्हणालो. "नाही. नाही. नाही." ती रडायला लागली. मग म्हणाली, "अहो, खरंच तुम्ही? परत म्हणा." मी परत म्हणालो. "भाऊजी," ती म्हणाली, रडत, हसत, शब्द एकमेकांत अडकत होते, "सकाळपासून मला घर खायला उठलंय. आत्ता तुम्हाला फोनच करणार होते, की नको, मला नाही जमणार, आणा त्यांना घरी. फोन हातातच होता. बरं झालं नाही केला. आता काही झालं तरी हलवू नका त्यांना तिथून." "आठवड्याचं काय घेऊन बसलात," दातवाला म्हणाला, "वर्षभर राहू दे." बारक्या भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता, त्याच टॉवेलने. मी फोनकडे झुकलो, नाही म्हणालो, तिने तिकडून मुका घेतल्याचा आवाज केला आणि ठेवला.

मग मी थांबलोच नाही. ते मला मिठी मारत होते तेव्हा म्हणत होतो, खोलीबाहेर पडत होते तेव्हा म्हणत होतो, कॅम्परचं इंजिन सुरू झालं आणि फाटक किरकिरलं तेव्हा खिडकीचे गज धरून म्हणत होतो, इतक्या मोठ्याने की टाकीमागचं गाढव ओरडायला लागलं. बाईने माझी बोटं एकेक करून गजांवरून सोडवली, मला पलंगावर बसवलं, दांडा वर केला आणि खिट्टी लावली. "आज एवढं पुरे, काका," ती म्हणाली. "उद्या दुसरा शब्द घेऊ."